गाडी पेट्रोल पिते आणि आळ भाच्यावर

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात आमच्या घरात एक वाईट गोष्ट घडली. ती आम्हीच घडवली, म्हणून ती सांगण्याचे कामही आमचेच. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या अनेक दारांत आता एखादी जुनी, दुसऱ्या हातची गाडी उभी असते. तिच्या पेट्रोलवरून घरात कुरबुर होते. त्या घरांना आमची ही हकीकत उपयोगी पडेल असे वाटते.

आम्ही दोघे भाऊ भिवंडीचे. दोघांचेही आयुष्य यंत्रमागावर गेले. धाकटा आधी कांड्या भरायला होता, पुढे तोही मागावर उभा राहिला. आता गुडघे थकले, मुले कमावती झाली. आई आमच्यापाशी असते. २०२३ च्या सुरुवातीला तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, आणि नंबर लागला ठाण्याला. पहिले दोन महिने आम्ही तिला रिक्षाने नेले. जाताना ती बसून जायची, पण येताना रक्तदाब उतरलेला असायचा आणि रिक्षात तिची मान एका बाजूला पडायची. ते बघवेना. शेवटी दोन्ही घरांनी साठवलेले आणि सोसायटीतून उचललेले पैसे घालून २०१२ चे मॉडेल असलेली एक लहान पेट्रोल गाडी घेतली.

गाडी चालवायचे काम भाच्याने आपणहून घेतले. बहिणीचा एकुलता एक मुलगा. दाजी गेल्यापासून मायलेक आमच्या शेजारच्याच खोलीत राहतात. पोरगा रात्री माणकोलीच्या गोदामात पाळी करतो, सकाळी सहाला घरी येतो, अंघोळ करून आजीला गाडीत बसवतो आणि ठाण्याला नेतो. चार तास तिथेच बसतो आणि दुपारी तिला घेऊन येतो. एक पैसा मजुरी त्याने कधी घेतली नाही. पेट्रोलचे पैसे तेवढे आम्ही त्याच्या हातात देत असू, आणि तो पाचशे-पाचशेचे पेट्रोल भरत असे.

पहिल्या वर्षी महिन्याला अठ्ठावीसशे रुपये पुरायचे. जाऊन-येऊन बत्तीस किलोमीटर, महिन्यात तेरा फेऱ्या आणि इकडेतिकडे थोडे फिरणे, म्हणजे साडेचारशे किलोमीटर धरा. विकणाऱ्याने सांगितले होते की गाडी लिटरला सतरा देते. हिशेब बरोबर बसत होता. पण २०२४ च्या उन्हाळ्यापासून पैसे कमी पडू लागले. जूनमध्ये साडेतीन हजार, ऑगस्टमध्ये बेचाळीसशे. फेऱ्या तेवढ्याच, रस्ता तोच, पेट्रोलचा भावही फारसा हललेला नाही. मग महिन्याचे चौदा लिटर पेट्रोल जाते कुठे?

आम्ही दोघांनी ओट्यावर बसून त्याचे उत्तर काढले, आणि ते चुकीचे काढले. पोरगा तरुण आहे, मित्र आहेत, रात्री गोदामावर गाडी नेत असेल, नाहीतर पाइप लावून पेट्रोल काढून विकत असेल. एका संध्याकाळी जेवायच्या वेळी आम्ही सगळ्यांच्या देखत त्याला विचारले, "गाडी पिते की कोणी पाजतो?"

त्याने ताटातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "मामा, उद्यापासून पेट्रोल तुम्हीच भरा. मी फक्त आजीला नेईन." चावी खिळ्याला अडकवली आणि उठून गेला. बहीण काही बोलली नाही. तिने भांडी आवरली आणि तीही गेली. दुसऱ्या दिवशी सहाला पोरगा आला, आजीला घेऊन गेला, परत आणून सोडले. पण त्यानंतर तो आमच्या घरी जेवायला बसला नाही.

चौथ्या दिवशी आमच्या थोरल्या सूनबाईंनी तोंड उघडले. म्हणाल्या, "मागावर कापडाला डाग पडला की शेठ तुमचे पैसे कापायचा. तेव्हा घरी येऊन तुम्ही दोघे काय म्हणायचा? सूत कच्चे होते, माग हलत होता, आणि दंड मात्र कारागिराला. आज तुम्ही वेगळे काय केले? माग बघितला का?"

आम्हाला उत्तर नव्हते. वीस-वीस वर्षे जी गोष्ट आम्हाला टोचत होती, तीच आम्ही पोराच्या माथी मारली होती. मशीनचा दोष माणसाच्या हातावर.

सूनबाईंनीच दुसऱ्या दिवशी एक चाळीस पानी वही आणून दिली. म्हणाल्या, "रेशनच्या दुकानात माप बघता, इथे का नाही?" पेट्रोल भरायला आता आम्हालाच जायचे होते, म्हणून माप घेणेही आमच्याकडेच आले.

वाचकहो, पाचशे-पाचशेचे पेट्रोल भरणाऱ्याला आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज कधीच कळत नाही. टाकीत आधी किती होते आणि आता किती उरले, हेच ठाऊक नसते. खरी रीत एकच. टाकी फुल करायची. पंपाची नळी आपोआप बंद झाली की थांबायचे, वरून आणखी ओतायचे नाही. मीटरवरचे किलोमीटर लिहायचे. निदान दोनशे किलोमीटर गाडी चालवायची. मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीने, पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत भरायचे. आता जेवढे लिटर गेले तेवढेच आपण जाळले. किलोमीटरला लिटरने भागायचे. आमचे पहिले माप सप्टेंबरमध्ये निघाले : २२० किलोमीटर, २० लिटर. म्हणजे लिटरला ११. वहीच्या पहिल्या ओळीत तो आकडा लिहिला. त्या पंधरवड्यात गाडी आमच्या दारातच उभी असायची, चावी आमच्या उशाशी. तरीही अकराच. पोरगा चोर नाही हे तिथेच सिद्ध झाले होते.

मग संशय पंपावर गेला. ही खोड लवकर जात नाही. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन खात्याने तपासून शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते. गिऱ्हाईक मागणी करू शकतो की माझ्यासमोर माप भरून दाखवा. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. आम्ही भीतभीत मागणी केली. पंपावरच्या मुलाने कुरकुर न करता माप भरून दाखवले, आणि ते बरोबर निघाले. रात्री गाडीखाली पुठ्ठे पसरून ठेवले. सकाळी पुठ्ठे कोरडे, वासही नाही. म्हणजे गळतीही नव्हती.

कोणी सांगितले की हा सगळा पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रताप. यात थोडे तथ्य आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून मिळू लागले. पण गणित करून बघा. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के. आणि शुद्ध पेट्रोल तर आधीही नव्हतेच, दहा टक्के मिसळलेले होते. सतराचे सोळा होतील, अकरा होणार नाहीत.

मग गॅरेज. पहिल्या ठिकाणी मिस्त्रीने बॉनेट उघडले, कान लावला आणि म्हणाला, इंजिनकाम काढावे लागेल, अठ्ठावीस हजार. त्याने काही मोजले नाही, काही उघडले नाही. आम्हाला आमचाच ओटा आठवला. तिथून निघून आम्ही शांतीनगरच्या बाजूला एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी आमची वही बघितली आणि खूश झाले. म्हणाले, "भाऊ, असं गिऱ्हाईक रोज यावं. एका वेळी एकच काम करू. दोन कामं एकदम केली तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. प्रत्येक कामानंतर टाकी फुल करून आकडा आणा." आणि विचारले, "गाडी चालवतो कोण? त्याला आणा. गाडीचं दुखणं चालवणाऱ्याला ठाऊक असतं."

आम्हाला भाच्याच्या दारात जावे लागले. तो आला. बोलला कमी, पण आला.

चाचांनी आधी टायर बघितले. हवा किती असावी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर छापलेले असते. आमच्या कागदावर ३३ होते. निघाले २४, एका चाकात २१. टायर दबलेला असला की रस्त्याला जास्त चिकटतो आणि इंजिनाला जास्त ओढावे लागते. हवा गाडी थंड असताना बघावी, पंपावर ती फुकट मिळते. हवा भरली. पुढचे माप आले ११.३. टायरची झीज वाचली, पेट्रोल फारसे नाही.

मग एअर फिल्टर. तो काढला तर आत धूळ आणि सुताची रुई यांचा जाड थर. भिवंडीची हवा आहे, दुसरे काय निघणार! आम्हाला वाटले, सापडला चोर. चाचा हसले. म्हणाले, जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त जायचे. आताच्या गाडीत कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो आणि तेवढेच पेट्रोल सोडतो. गाडीचा जोर कमी होतो, अ‍ॅव्हरेज फारसे हलत नाही. नवा फिल्टर टाकला, पिकअप सुधारला. माप पुन्हा ११.३.

त्यानंतर चाचांनी भाच्याला विचारले, "सपाट रस्त्यावर गिअर काढला तर गाडी पळते की थांबते?" तो म्हणाला, "लवकर थांबते, चाचा. पावसाळ्यापासून. आणि घरी आल्यावर पुढच्या डाव्या चाकाजवळ जळका वास येतो." आम्ही थक्क झालो. हे त्याने आम्हाला कधी सांगितले नव्हते, कारण आम्ही कधी विचारले नव्हते.

जॅक लावून चाक उचलले आणि हाताने फिरवले. उजवे चाक सुटले ते दोन-तीन फेरे फिरत राहिले. डावे जागीच अडले. कामवारीला पाणी चढले की आमच्या सखल भागात पाणी भरते. जुलैत गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती. ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या आणि ब्रेक पाय काढल्यावरही पूर्ण सुटत नव्हता. म्हणजे पोरगा दोन महिने ब्रेक लावलेलीच गाडी ओढत होता. चाचा म्हणाले, पेट्रोल जाते ते सोडा, असा तापलेला ब्रेक ऐन वेळी लागत नाही. आई त्याच गाडीत बसत होती. पिना साफ करून ग्रीस भरले, रबरे बदलली, डावी-उजवी पॅडे नवीन टाकली. पुढचे माप १३.२. ही परीक्षा घरी करता येते. गाडी चालवून आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात धरून बघावा. डिस्कला बोट लावू नये, भाजते. एकच चाक जास्त तापलेले वाटले तर मिस्त्रीकडे जावे.

नंतर प्लग काढले. त्यांवर काजळीसारखा काळा थर होता. प्लग विटकरी किंवा करडे असावेत. काळे झाले म्हणजे गाडीला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते आहे. पण कॉम्प्युटर जास्त पेट्रोल का सोडतो? चाचांनी ओळखीच्या मुलाचा स्कॅनर आणून जोडला आणि आम्ही चौघे गाडीत बसून कशेळीपर्यंत जाऊन आलो. इंजिन चांगले तापायला हवे होते, नव्वदच्या आसपास. स्कॅनर दाखवत होता बासष्ट.

चाचांनी भाच्याकडे बघितले. "कधी गाडी गरम झाली होती का?" मेमध्ये झाली होती. मेट्रोच्या कामामुळे काल्हेर-कशेळीच्या रस्त्यावर वाहनांची रांग लागली होती, आजी गाडीत होती, आणि बॉनेटमधून वाफ आली. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने पाणी भरले आणि थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून दिला. म्हणाला, आपल्या हवेत याची गरज नाही, आता गाडी कधी तापणार नाही. असे अनेक मिस्त्री करतात. पण हा व्हॉल्व्ह इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की पाणी सतत फिरते आणि इंजिन गारच राहते. कॉम्प्युटरला वाटते गाडी आत्ताच सुरू झाली आहे, आणि थंड इंजिनाला द्यावे तसे जास्तीचे पेट्रोल तो देत राहतो. मेमधला खरा दोष निराळाच होता, पाइपची क्लिप सैल होऊन पाणी गळत होते. चाचांनी क्लिप बदलली, नवा व्हॉल्व्ह बसवला, कूलंट भरले, पंखा वेळेवर सुरू होतो हे बघितले. पुढचे माप १४.८.

आता राहिले दोन. चाचा म्हणाले, "गाडीत मला आणखी काही दिसत नाही. आता चालवणं बघा." आम्ही आळीपाळीने पोराबरोबर ठाण्याला जाऊ लागलो. पोरगा गाडी पळवत नाही, पन्नासच्या आसपास चालवतो, आणि पेट्रोल वाचवायला तीच चाल योग्य. गिअर वेळेवर टाकतो. मग?

ते दवाखान्याच्या आवारात कळले. आजीला सोडायची वेळ झाली की पोरगा पुढे येऊन गाडी सुरू करायचा, एसी लावायचा आणि वाट बघायचा. नर्स म्हणे दहा मिनिटे, लागत वीस. मेमधल्या त्या दिवसानंतर, उन्हात तापलेल्या गाडीत बसताच आजीला एकदा घेरी आली होती. तेव्हापासून तो गाडी आधी गार करून ठेवत होता. त्याने हे कुणाला सांगितले नव्हते. आम्ही विचारले तर म्हणाला, "तुम्हाला वाटलं असतं मीच एसी खातो."

लहान इंजिनाची गाडी एसी लावून उभी राहिली तर तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल जाते, आणि किलोमीटर शून्य. वीस मिनिटांचे पाव लिटरच्या वर. एका फेरीला हे थोडे वाटते, पण महिन्याला तेरा फेऱ्या असतात. आता आमच्यापैकी एक जण वर आजीपाशी बसतो. ती उठून खुर्चीत बसली की फोन करतो, तेव्हा पोरगा गाडी सुरू करतो. तोवर गाडी झाडाच्या सावलीत, काचा थोड्या खाली. गार व्हायला पाच मिनिटे पुरतात. ही गाडी उघड्या आवारात असते म्हणून चालते. बंद जागेत इंजिन चालू ठेवून कधी बसू नये, त्या धुराने माणूस झोपेतच जातो.

डिसेंबरच्या मध्यावर माप आले १६.३. चाचांना वही दाखवली. म्हणाले, बारा वर्षांची गाडी, कशेळीची रांग आणि आताचे पेट्रोल धरले तर याहून जास्तीची हाव धरू नका. सगळ्या दुरुस्तीला मिळून सव्वीसशे रुपये लागले. महिन्याला तेरा लिटर पेट्रोल वाचू लागले, म्हणजे तेराशेच्या वर रुपये. दोन महिन्यांत खर्च वसूल झाला. पहिल्या गॅरेजचे ऐकले असते तर अठ्ठावीस हजार गेले असते आणि ब्रेक अडकलेलाच राहिला असता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे बहिणीच्या खोलीवर गेलो. तिच्या आणि पोराच्या समोर सांगितले की आम्ही चुकलो. ज्या घरात सगळ्यांच्या देखत आळ घेतला, त्याच घरात सगळ्यांच्या देखत तो मागे घ्यायचा आहे, तेव्हा दोघांनी जेवायला यावे. पोरगा म्हणाला, "जाऊ द्या मामा." पण आला. जेवताना आम्ही सर्वांसमोर वही उघडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आईला आकडे कळले नाहीत. तिने एवढेच विचारले, "म्हणजे पोरानं काही नेलं नव्हतं ना?" आम्ही म्हणालो, "नाही आई." ती म्हणाली, "ते मला आधीच माहीत होतं." आणि आपल्या ताटातली भाकरी मोडून तिने त्याच्या ताटात ठेवली.

पेट्रोलचे पैसे पुन्हा त्याच्याच हातात जातात. वही आता गाडीच्या खणात असते आणि तोच लिहितो. पाच मिनिटे एसी लावून गाडी गार करायचे पेट्रोल फेरीला सहा-सात रुपयांचे होते. त्यात काटकसर करायची नाही असे आम्ही ठरवले आहे.

वाचकहो, तुमच्या दारातली गाडी जास्त पिऊ लागली तर क्रम लक्षात ठेवा. आधी टाकी फुल करून मोजा. मग हवा, मग अडकलेला ब्रेक, मग इंजिनाची गरमी, मग उभ्या गाडीचे इंजिन. एका वेळी एकच काम, आणि प्रत्येक कामाचा आकडा वहीत. आणि गाडी चालवणाऱ्याला पहिल्या दिवशी विचारा, पण आरोपी म्हणून नव्हे. आम्ही ऑगस्टमध्ये तेवढे केले असते तर पोराला चार महिने आमच्या ताटापासून दूर बसावे लागले नसते.